‘शंभरातल्या सात जणी’ : गर्भनिरोधकांच्या तक्त्यातला हा आकडा नेमका कोणाचा?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सिनॉप्सिस सादर करताना माझ्या चौथ्या स्लाइडवर एक तक्ता होता. डावीकडे गर्भनिरोधक साधनांची नावं, मध्ये ‘अचूक वापर’, उजवीकडे ‘सर्वसाधारण वापर’. गोळ्या ०.३ आणि ७. निरोध २ आणि १३. तांबी ०.६ आणि ०.८. काहीच न वापरल्यास ८५. म्हणजे शंभर जणींनी वर्षभर ते साधन वापरलं, तर इतक्या जणींना दिवस राहतात.

मी पुढच्या स्लाइडकडे निघाले होते. तेवढ्यात समितीतल्या एका सरांनी विचारलं, “हा सात कुठला?”

मी म्हटलं, “हँडबुकमध्ये आहे, सर.”

“पुस्तक नाही विचारलं. या सात बायका कुठल्या?”

मला उत्तर देता आलं नाही. तो तक्ता मी इतक्या ठिकाणी पाहिला होता की त्याला उगम असतो हेच डोक्यात आलं नव्हतं. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करताहेत त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. विषय एकच : डॉक्टर, सिस्टर, आशाताई आणि रुग्ण या सगळ्यांच्या हातात असलेला हा तक्ता कसा तयार झाला, तो कुठे चांगला आहे आणि कुठे आपली फसगत करतो. (तुमच्यासाठी कुठलं साधन योग्य, हे या लेखावरून ठरवू नका. त्यासाठी डॉक्टरांशीच बोला.)

आधी तक्त्याच्या बाजूने

टीका करायची तर आधी वस्तू काय काम करते ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. हा तक्ता मुख्यतः अमेरिकेतले लोकसंख्या-अभ्यासक जेम्स ट्रसेल यांच्या कामातून आला. अनेक वर्षं त्यांनी विखुरलेले अभ्यास गोळा करून, त्यातल्या चुका काढून, एका पानावर तुलना करता येईल असे आकडे दिले. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘अचूक’ आणि ‘सर्वसाधारण’ असे दोन रकाने वेगळे ठेवले. जाहिरातीत गोळी ‘९९ टक्के खात्रीची’ असते. तक्ता सांगतो की ते फक्त एकही गोळी न चुकवणाऱ्या बाईसाठी खरं आहे. घाईच्या ओपीडीत दोन मिनिटांत तांबी आणि गोळी यांतला फरक समजावायचा असेल, तर याहून सोयीचं दुसरं काही नाही.

अडचण तक्ता असण्यात नाही. तो संदर्भाशिवाय फिरतो, तिथे अडचण सुरू होते.

पहिला प्रश्न : या बायका कोण?

गोळ्यांचा ७ आणि निरोधचा १३ हे आकडे अमेरिकेतल्या ‘नॅशनल सर्व्हे ऑफ फॅमिली ग्रोथ’ या पाहणीच्या २००६–१० च्या फेरीतून आलेत. त्याआधीच्या फेऱ्यांवरून काढलेले आकडे ९ आणि १८ होते. म्हणून काही पत्रकांत तुम्हाला अजून ९ दिसेल, काहींत ७. गोळी बदललेली नाही. पाहणीची फेरी, त्यातल्या बायका आणि त्यांची वापरण्याची पद्धत बदलली. म्हणजे हा आकडा औषधाचा गुणधर्म नाही. एका देशातल्या, एका काळातल्या माणसांच्या वागण्याची ती मोजणी आहे.

आता त्याच रकान्यात तांबीचा ०.८ बघा. तो या पाहणीतून आलेलाच नाही, तो क्लिनिकल अभ्यासातून आलाय. स्त्री नसबंदीचा ०.५ तिसऱ्याच एका अमेरिकी अभ्यासातून. शीर्षक एकच, ‘सर्वसाधारण वापर’, पण ओळीगणिक उगम वेगळा. क्लिनिकल अभ्यासातल्या बायकांची तपासणी वेळेवर होते, तांबी सरकली तर कळतं. पाहणीतल्या बाईच्या वाट्याला ते येईलच असं नाही.

आणि ८५? हा मला सगळ्यांत शिकवून गेलेला आकडा आहे. जिथे गर्भनिरोधक वापरलं जात नाही अशा समाजांत, आणि मूल हवं म्हणून साधन बंद केलेल्या बायकांत, वर्षभरात साधारण ८९ टक्के बायकांना दिवस राहतात. तक्ता करणाऱ्यांनी तो आकडा थोडा खाली आणून ८५ केला. कारण सध्या साधनं वापरणाऱ्या बायकांनी ती सोडली तर काय होईल, याचा त्यांना अंदाज हवा होता. म्हणजे ८५ हा सरळ मोजलेला आकडा नाही, तो विचारपूर्वक केलेला अंदाज आहे. तळटीपेत हे सगळं स्पष्ट लिहिलंय. पण पत्रक छापताना सगळ्यांत आधी उडते ती तळटीपच.

मग आपल्याकडचे आकडे घेऊ या?

सरांच्या प्रश्नानंतर मलाही हेच वाटलं होतं. २०१६ मध्ये चेल्सी पोलिस आणि सहकाऱ्यांनी ४३ विकसनशील देशांतल्या ‘डीएचएस’ पाहण्यांवरून असे दर काढले. आपली एनएफएचएस ही याच कुटुंबातली पाहणी. त्यांचे मध्यक आकडे, वापराच्या दर १०० कालखंडांमागे पहिल्या १२ महिन्यांत : गोळ्या ५.५, निरोध ५.४, तांबीसारखी साधनं १.४, इंजेक्शन १.७.

बघा, निरोध अमेरिकेत १३ आणि इथे ५.४! मी आनंदाने गाईडना मेल केला की विकसनशील देशांतली जोडपी निरोध जास्त नीट वापरतात. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं : “गर्भपात कुठे मोजलेत?”

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बहुतेक सिनॉप्सिस इथेच घसरतात. साधन चुकून दिवस राहिले की पुढे दोन गोष्टी होऊ शकतात. बाळ जन्मतं किंवा गर्भपात होतो. बाळ पाहणीत दिसतं. गर्भपात मात्र बाई अनोळखी प्रश्नकर्तीला सांगेलच असं नाही. सासू शेजारी बसलेली असते, आणि तो विषय बंद झालेला असतो. अमेरिकी आकड्यांत ही गळती गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रियांच्या वेगळ्या पाहणीच्या आधारे भरून काढली आहे. ४३ देशांच्या आकड्यांत तशी दुरुस्ती करणं शक्य नव्हतं. ते आकडे कमी मोजलेले असण्याची शक्यता आहे, हे लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

गळती केवढी असू शकते? भारतातल्या ६ राज्यांत पाहणी करून आणि देशभरातल्या औषधविक्रीची आकडेवारी जोडून केलेल्या एका अभ्यासाने २०१५ या वर्षासाठी १ कोटी ५६ लाख गर्भपातांचा अंदाज दिला. त्यातले बहुतेक दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले. ज्या पाहणीत हे दिसत नाहीत, तिच्यावरून साधन किती वेळा चुकलं ते कसं सांगणार?

शिवाय काही देशांत डीएचएस विवाहित स्त्रियांचीच असते. अमेरिकी पाहणीत अविवाहित तरुणीही आहेत, आणि निरोधचा वापर त्यांच्यात मोठा आहे. वय वेगळं, संबंधांची वारंवारता वेगळी, नवरा कामासाठी परगावी असेल तर तेही वेगळं. म्हणून १३ आणि ५.४ शेजारी ठेवून ‘कोण जास्त जबाबदार’ असा निष्कर्ष काढू नका. तुलना करण्याआधी दोन्ही मोजण्या सारख्या आहेत का ते बघा.

दुसरा प्रश्न : छेदात काय आहे?

१९३३ मध्ये रेमंड पर्ल यांनी एक सोपं सूत्र दिलं. गर्भधारणांची संख्या गुणिले १२००, भागिले वापराचे एकूण महिने. यालाच पर्ल निर्देशांक म्हणतात. सोपं असल्यामुळे ते अजून वापरात आहे, आणि सोपं असल्यामुळेच त्यात खोट आहे. ज्यांना चटकन दिवस राहतात त्या बायका अभ्यासातून आधीच बाहेर पडतात. मागे उरतात त्या काटेकोर वापर करणाऱ्या किंवा मुळात गर्भधारणेची शक्यता कमी असलेल्या. म्हणून अभ्यास जितका लांबवाल तितकं साधन चांगलं दिसतं. सहा महिन्यांचा अभ्यास आणि तीन वर्षांचा अभ्यास यांचे पर्ल निर्देशांक एका ओळीत लिहिलेले दिसले, तर तिथे पेन्सिलीने खूण करा. यावर उपाय म्हणजे लाइफ टेबल पद्धत, ज्यात महिन्यागणिक शक्यता काढतात.

‘अचूक वापरा’च्या छेदात आणखी एक जुनी चूक आहे. ट्रसेल आणि ग्रुमर-स्ट्रॉन यांनी १९९० मध्ये ती दाखवून दिली. मी समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करते. समजा वापराचे एकूण १२०० महिने आहेत. त्यातल्या ९०० महिन्यांत वापर अगदी अचूक, आणि त्या महिन्यांत ३ गर्भधारणा. उरलेल्या ३०० महिन्यांत चुकतमाकत वापर, आणि ७ गर्भधारणा.

बरेच जण अचूक वापराचा दर असा काढायचे : ३ गुणिले १२०० भागिले १२००, म्हणजे ३. पण ते ३ जण फक्त ९०० महिन्यांतले आहेत! छेदात ९०० हवेत. बरोबर उत्तर ४. आणि चुकतमाकत वापराचा दर? ७ गुणिले १२०० भागिले ३००, म्हणजे २८. सगळे मिळून १०.

आता हे तीन आकडे रुग्णाच्या नजरेने बघा. चार, अठ्ठावीस आणि दहा. ‘सर्वसाधारण वापर’ म्हणून छापला जातो तो दहा. तो ना काटेकोर बाईचा आहे, ना विसरणाऱ्या बाईचा. दोघींची सरासरी आहे, आणि ती सरासरी समोर बसलेल्या कोणाचीच नसते. समुपदेशन करणारा “तुम्हाला शंभरात दहा धोका” असं म्हणतो तेव्हा एकीला उगाच घाबरवतो आणि दुसरीला खोटा धीर देतो.

तिसरा प्रश्न : किती काळासाठी?

तक्त्यातला आकडा फक्त पहिल्या वर्षाचा असतो. बाई मात्र साधन दहा-दहा वर्षं वापरते. मग दरवर्षी ७ धरून दहा वर्षांचा हिशेब करायचा? तो केला तर ५२ टक्के येतात. अर्ध्याहून जास्त! ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशेब चूक आहे. वर सांगितलं तसं, चुकण्याची शक्यता जास्त असलेल्या बायका आधी गळतात आणि सवय झालेल्या उरतात. ७ हा दर वर्षानुवर्षं तसाच राहत नाही.

याच्या उलट चूक नसबंदीबाबत होते. “ऑपरेशन म्हणजे कायमचं” असं सांगितलं जातं, आणि तक्त्यात ०.५ बघून ते पटतंही. पण हा आकडा जिथून आला त्या अमेरिकेतल्या ‘क्रेस्ट’ अभ्यासाने १०,६८५ स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या वर्षी हजारात ५.५ गर्भधारणा झाल्या, दहा वर्षांत हजारात १८.५. पद्धतीनुसार फरक तर मोठाच. बाळंतपणानंतर लगेच नळीचा तुकडा कापून केलेल्या ऑपरेशनांत ७.५, सिलिकॉन रिंग टाकून १७.७, स्प्रिंग क्लिपने ३६.५. काही पद्धतींत कमी वयात ऑपरेशन झालेल्या बायकांमध्ये धोका जास्त निघाला.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? एनएफएचएस-५ नुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणी स्त्री नसबंदीवर अवलंबून आहेत. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. आपल्याकडे ऑपरेशन बहुधा पंचविशीच्या आसपास होतं, म्हणजे पुढे वीसेक वर्षं गर्भधारणेची शक्यता असलेली. अशा बाईला पहिल्या वर्षाचा आकडा सांगून काय उपयोग? पाच वर्षांनी पाळी चुकली तर तिच्या डोक्यात ‘दिवस राहिले असतील’ हा विचार येतच नाही. तपासणीला उशीर होतो. आणि घरात संशय भलतीकडेच जातो, ते वेगळं सांगायला नको.

हा आकडा कोर्टातही पोचलाय. ‘पंजाब राज्य विरुद्ध शिवराम’ या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नसबंदीनंतर मूल झालं एवढ्यावरून डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, कारण कुठलीच पद्धत शंभर टक्के खात्रीची नाही. वैद्यकीय दृष्टीने ते बरोबर आहे. पण मग ही ‘शंभर टक्के नाही’ची गोष्ट ऑपरेशनच्या आधी, तिला कळेल अशा मराठीत सांगितली गेली होती का, हा प्रश्न आणखी महत्त्वाचा होतो. संमतीपत्रावरचा अंगठा म्हणजे माहिती पोचल्याचा पुरावा नव्हे.

चौथा प्रश्न : तक्त्यात काय नाही?

एक ओळ नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली सेंटक्रोमॅन ही गोळी, बाजारात ‘सहेली’ आणि सरकारी कार्यक्रमात ‘छाया’. हार्मोनविरहित. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. आपल्या उपकेंद्रात ती मोफत मिळते. अमेरिकी तक्त्यात तिची ओळच नाही, कारण ती तिथे वापरात नाही. भाषांतर केलेलं पत्रक वाटलं की आपल्याच देशातलं साधन गायब होतं.

काही रकानेही नाहीत. अंगावरून जास्त जाईल का? पाळी अनियमित होईल का? साधन बंद केल्यावर मूल राहायला किती वेळ लागेल? लैंगिक आजारांपासून संरक्षण आहे का? नको झालं तर काढून कोण देणार? मी ज्या स्त्रियांशी बोलले, त्यांनी पहिला प्रश्न क्वचितच परिणामकारकतेचा विचारला. त्यांचे प्रश्न हे होते. एनएफएचएस-५ मध्ये साधन वापरणाऱ्यांपैकी ६२.४ टक्के जणींनाच त्या साधनाच्या दुष्परिणामांबद्दल कधीतरी सांगितलं गेलं होतं. आधीच्या फेरीत ते ४६.६ होतं, म्हणजे सुधारणा आहे. तरीही शंभरातल्या अडतीस जणींना कोणी काही सांगितलंच नाही.

आणि सुरक्षिततेचा रकाना. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. त्यांच्या पत्रकावरही नसबंदी सर्वांत वरच्या, ‘सर्वाधिक परिणामकारक’ गटातच असणार. परिणामकारकतेच्या क्रमाने लावलेली यादी नकळत सल्ला देते की वरचं ते चांगलं. ऑपरेशन कुठे, कोणत्या स्थितीत होणार आहे, हे त्या क्रमात बसत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करायला सांगितली, ती काही परिणामकारकता कमी म्हणून नव्हे.

‘अपयश’ कोणाचं?

फील्डवर्कमधला एक प्रसंग सांगते. एका उपकेंद्रात बावीस-तेवीस वर्षांची मुलगी आली होती. गोळ्या चालू असताना दिवस राहिले होते. सिस्टर म्हणाल्या, “तूच विसरली असशील गं.” ती काही बोलली नाही. नंतर आशाताईंचं रजिस्टर चाळताना दिसलं की मधले पाच आठवडे पाकिटंच आली नव्हती. पाकिटं आल्यावर तिने पुन्हा सुरू केल्या. विचारलं तर ती म्हणाली, “गोळ्या चालूच आहेत की.”

माझ्या फॉर्ममध्ये तिची नोंद काय झाली असती? ‘सर्वसाधारण वापर, अपयश.’ गोळी विसरणं, पुरवठा तुटणं, नवऱ्याने पाकीट फेकणं, मळमळतंय म्हणून चार दिवस बंद ठेवणं, हे सगळं त्या एका सातमध्ये बसलेलं असतं. आणि ‘वापर’ या शब्दामुळे सगळा दोष वापरणारीच्या पदरात पडतो. तक्ता करणाऱ्यांचा तसा हेतू नव्हता. पण तिला ते “तूच विसरली असशील” असंच ऐकू आलं.

त्या दिवशी मी माझ्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला : “गेल्या वर्षात गोळ्या हव्या असताना मिळाल्या नाहीत, असं कधी झालं का?” सिनॉप्सिसमधल्या तक्त्याने हा प्रश्न मला सुचवला नसता.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

असा तक्ता टाकणार असाल तर त्याखाली चार ओळी लिहा : प्रत्येक आकडा कोणत्या देशातला आणि कोणत्या वर्षाचा, तो पाहणीतला की क्लिनिकल अभ्यासातला, गर्भपातांची दुरुस्ती केली आहे की नाही, आणि काळ किती. एखादी ओळ भरता आली नाही तर तो आकडा अजून तुमचा झालेला नाही, मूळ लेख उघडा. आणि रुग्णांसाठी पत्रक करत असाल तर आकड्याबरोबर तिला उपयोगी पडेल असं वाक्यही द्या. नसबंदीच्या पत्रकात ‘०.५ टक्के’ एवढंच नको. ‘ऑपरेशननंतर कितीही वर्षांनी पाळी चुकली, तरी लगेच तपासून घ्या’ हेही हवं.

माझ्या दुसऱ्या सादरीकरणात तो तक्ता पुन्हा होता, यावेळी तळटीपेसकट. अक्षर बारीक झालं म्हणून एकाने कुरकूर केली. त्या सरांनी मात्र चष्मा पुढे ओढून तळटीप शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “हं, आता पुढे चला.”